रामटेकचा हात

चकोले काकाजी सिनेमा डोळे मिटून पाहतात. झोपत नाहीत, घोरत नाहीत. टीव्हीसमोर ताठ बसतात, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवतात, डोळे मिटतात आणि अडीच तास तसेच राहतात. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा माझ्या बायकोला, अर्चनाला, वाटलं की म्हातारा बसल्या बसल्या गेला. तिनं मला खूण केली. मी हळूच वाकलो, नाकाजवळ बोट नेलं, तर मिटल्या डोळ्यांनीच काकाजी म्हणाले, "बोट काढ गा, प्रमोद. आयकू दे."

पडद्यावर एक फौजी तळघरात बसून तार पाठवत होता. कपाळाला रक्त, डोक्यावर बॉम्ब, आणि हाताखाली यंत्र वाजतंय टिटिट टिटिट. खाली हिंदीत अक्षरं येत होती की पूल उडाला, मदत पाठवा. काकाजींनी डोळे उघडले आणि फार दुःखानं सांगितलं, "तो 'ई ई ई टी ई ई' म्हणून राहिला. पुलाचं नावच नाही त्यात. अशानं कायची मदत येते?" ती पलटण शेवटी सगळी मारली गेली. काकाजींच्या मते त्यात शत्रूचा काहीच दोष नव्हता.

काकाजी तार-ऑफिसातले. ज्यांनी तार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक आखूड ठोका, एक लांब ठोका, आणि या दोघांच्या जुळणीतून सगळी अक्षरं, त्याला मोर्स म्हणतात. काकाजींनी ते पस्तीस वर्षं कानानं वाचलं आणि बोटानं लिहिलं. मग तार बंद झाली. कान मात्र बंद झाला नाही. आमच्या कुकरची शिट्टी झाली की ते वरून ओरडून सांगतात, "अर्चना वं, तुह्या कुकरनं 'ओ' म्हटलं," आणि अर्चना खालून म्हणते, "हाव काकाजी, उतरवते."

आम्ही नागपुरात वाडीला राहतो, अमरावती रोडच्या आत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांना लागून. खालचा मजला आमचा, वरची एक खोली काकाजींची. दोघंही भाडेकरू. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, पहिली पाळी, साडेचारला कंपनीची बस मला नाक्यावर सोडते. काकाजींची बायको कधीच गेली, मूलबाळ नाही. गावची धानाची शेती पुतणे पाहतात आणि दरसाल एक पोतं तांदूळ पाठवून हालहवाल विचारल्याचं समाधान मानतात.

आम्ही इथं राहायला आलो तेव्हाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझ्या सुटीच्या दिवशी दुपारी जेवून आडवा झालो की छतातून आवाज यायचा. टक, टकटक, टक. मग थांबायचं. मग पुन्हा टकटक, पण जरा निराळं, दबक्या आवाजात, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं. एकाचं झालं की दुसऱ्याचं. अर्चना म्हणाली, "वर दोघं जण आहेत." घरमालकाला विचारलं तर तो म्हणाला, एकटाच म्हातारा आहे, त्याच्याकडे कोणी येत नाही. त्या दुपारपासून अर्चना एकटी असली की रेडिओ मोठ्यानं लावू लागली. मी तिला हसलो. हसलो खरा, पण मीही दुपारचं पलंग सोडून बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो.

आता माझ्याबद्दल एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. इंटरनेटवर तो ज्ञानकोश असतो ना, ज्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही खोडू शकतं, त्यात मी खोडणाऱ्यांपैकी. पगार नाही, मान नाही. पण दिवसभर कारखान्यात खराब माल बाजूला काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी येऊन खराब वाक्यं बाजूला काढल्याशिवाय चैन पडत नाही. तिथं माझं नाव आहे कैचीवाला. कोण्या आमदाराच्या पानावर 'कार्यसम्राट' दिसलं की मी कापतो. कोण्या गावाच्या पानावर 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं' दिसलं की तेही कापतो. ज्ञानकोश म्हणजे काही भंगारचं दुकान नाही.

तर एक दिवस काकाजी आपला मोबाईल घेऊन खाली आले आणि मलाच विचारलं की यात लिहायचं कसं. मी मोठ्या उत्साहानं शिकवलं. आठ दिवसांत त्यांनी 'मोर्स संकेत' या पानाच्या शेवटी एक भाग सुरू केला: 'चित्रपट, मालिका व जाहिरातींतील मोर्स'. अमुक सिनेमात नायक तुरुंगाची भिंत ठोकतो, अर्थ: काही नाही. तमुक मालिकेत सासू चमच्यानं ग्लास वाजवते, अर्थ: 'एन', पण तिला माहीत नसावं. साबणाच्या जाहिरातीतली धून, अर्थ: 'ए ए ए'. मी मोजल्या तेव्हा सव्वाशेच्या वर नोंदी होत्या. पान वर एवढंसं आणि खाली ही शेपटी.

मी कैची काढली. काय करणार? नियम आहेत. 'संदर्भ नाही. काढले.' एवढं लिहिलं आणि सगळा भाग उडवला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, सहा नोंदी जास्त घेऊन. मी पुन्हा उडवला. आणि मग सुरू झालं ते पावणेदोन वर्षं चाललं. साडेचारला उतरायचं, चहा घ्यायचा, काकाजींच्या नोंदी उडवायच्या, आणि सहा वाजता त्याच काकाजींना चहाला बोलवायचं. ते बशीत चहा ओतून कैचीवाल्याचा उद्धार करायचे. "पुण्याचा असन," ते म्हणायचे. "इतका कोरडा माणूस इकडं निपजत नाही." मी म्हणायचो, असेल. अर्चना भांड्याच्या आवाजात हसू लपवायची.

सांगून टाकावं असं मला कितीदा वाटलं. पण अशा गोष्टी पहिल्या आठवड्यात सांगितल्या तर सांगता येतात. नंतर नाही.

ज्ञानकोशात प्रत्येक पानामागे भांडायला एक वेगळं पान असतं. तिथं मी लिहिलं की किरकोळ माहितीची जंत्री ज्ञानकोशात बसत नाही. काकाजींनी उत्तर दिलं, आणि तिथं ते आपलं शुद्ध ऑफिसी मराठी वापरायचे: 'तार बंद झाली. जहाजांनी मोर्स सोडले. आता ते फक्त सिनेमात वाजते, तेही बहुतेक चुकीचे. जंगलात वाघ उरला नाही तर सर्कशीतला मोजणार की नाही? आपण ज्याला किरकोळ म्हणता तो मोर्सचा शेवटचा पत्ता आहे.' मी ते तीनदा वाचलं. उत्तर सुचेना, म्हणून लिहिलं, 'कृपया नियम पाहावेत.' उत्तर सुचलं नाही की आम्ही सगळे तेच लिहितो.

गेल्या मे महिन्यातली दुपार. वाडीत अशा दुपारी ट्रकसुद्धा चालायचे थांबतात. ड्रायव्हर गाडीखाली झोपतात, गोदामांची शटरं अर्धी खाली असतात, रस्त्यावर कुत्रं नसतं. माझी सुटी होती. वरून हाक आली, "प्रमोद गा, वर ये. एक आयकवतो."

खोलीत गेलो तर काकाजींनी कूलर बंद केला. मे महिन्यात नागपुरात स्वतःच्या हातानं कूलर बंद करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. खिडकीला ओली चादर, खोलीत हिरवट अंधार, जमिनीवर स्टीलचा एक डबा पालथा घातलेला आणि त्याच्यावर चमचा. मोबाईल त्यांनी स्टुलावर उभा केला. भुताचा एक जुना हिंदी पिक्चर होता. नाव सांगण्यासारखं काही नाही. डाकबंगला, धुकं, पांढऱ्या साडीतली बाई. बंगल्यातल्या एका टेबलावर धुळीनं भरलेलं तारेचं यंत्र असतं आणि ते आपोआप वाजायला लागतं.

"दीडशे पिक्चर झाले," काकाजी म्हणाले. "एवढंच खरं आहे. बाकीचे पी-पी करते. हे टकटक आहे, आमच्यासारखं. आता आयक."

यंत्र वाजलं. टक, टकटक. काकाजींचे डोळे मिटलेले.

"नागपूर, नागपूर, म्हणते. रामटेक बोलतो." मग ते जरा थांबले. यंत्रही थांबलं होतं. "आता थुंकला," काकाजी म्हणाले, आणि लगेच शेवटचं अक्षर वाजलं.

"कोण थुंकला?"

"घाटोळे."

मग पिक्चरमध्ये शांतता झाली. ती बाई नुसती उभी. त्या शांततेत काकाजींनी चमचा उचलला आणि डब्यावर वाजवलं, भराभर, मला वाटलं नव्हतं त्यांची बोटं इतकी चालत असतील. त्यांनी चमचा ठेवला आणि मोबाईलमधल्या यंत्रानं तीन ठोके दिले. आखूड, लांब, आखूड.

"मिळालं म्हणते," काकाजी म्हणाले.

मग ती बाई किंचाळली आणि पिक्चर पुढं गेला. आम्ही राहायला आलो तेव्हाचा तो छतातला दुसरा आवाज कोणाचा, हे मला कळलं होतं, आणि कळूनही बरं वाटत नव्हतं.

काकाजींनी कूलर लावला, पाणी दिलं आणि सांगितलं. अक्षरं सगळ्यांची सारखीच असतात, पण प्रत्येकाचा हात वेगळा. तारवाले एकमेकांना चेहऱ्यानं नाही, हातानं ओळखायचे. रामटेकच्या तार-ऑफिसात घाटोळे नावाचा माणूस होता, काकाजी नागपूरच्या टोकाला. अकरा वर्षं दोघं एका तारेवर, आणि समोरासमोर भेट एकदाच, कोणाच्या तरी लग्नात, तीही जेवणाच्या पंगतीत. घाटोळेच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. शेवटच्या अक्षराआधी तो थुंकायला थांबायचा. ऑफिसात सगळे म्हणायचे, रामटेक थुंकला, आता तार संपली.

"तो गेल्यावर तीन वर्षांनी हा पिक्चर निघाला," काकाजी म्हणाले.

मी माझी अक्कल लावली. म्हटलं, ट्रेनिंगच्या वर्गात कोणी त्यांचा आवाज भरून ठेवला असेल, पिक्चरवाल्यांना तो मिळाला असेल.

"असन," काकाजी शांतपणे म्हणाले. "मी बी तेच म्हणतो. पण नागपूरले काहून बोलावते? त्या लाइनवर नागपुरात मी एकलाच होतो."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मी त्याले जवाब देत नव्हतो," ते म्हणाले. आणि मग ती गोष्ट आली. तेव्हा शुभेच्छांच्या, सांत्वनाच्या तारांना नंबर असायचे. पूर्ण वाक्य पाठवायचं नाही, नंबर पाठवायचा, पलीकडचा माणूस यादीत पाहून वाक्य लिहायचा. रामटेकहून एका लग्नाची तार निघाली आणि नागपुरात मांडवात पोचली ती 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' अशी. नवरीच्या आजीनं मांडवातच रडायला सुरुवात केली. तक्रार झाली. घाटोळे म्हणे मी बरोबर पाठवला, चकोले म्हणे मी आला तसा लिहिला. ताकीद मिळाली घाटोळेला.

"तो रोज सांजच्याले, लाइन बंद करायच्या आधी, मले बोलवायचा. कामाचं नाही, असंच, जेवला का, पाणी आलं का. त्या दिवसापासून मी जवाब देणं बंद केलं. कामाची तार घ्यायची, बाकी चूप. तो बोलवायचा. नागपूर, नागपूर. मी असे हात मांडीवर ठेवून बसायचो आन् आयकायचो. दीड महिना. एक दिवस लाइनवर नवीनच हात आला. मी विचारलं, घाटोळे? त्यानं कळवलं, वारले." काकाजींनी डब्यावरचा चमचा सरळ केला. "चूक माही होती, प्रमोद. नंबर मीच चुकीचा लिहिला होता. मले दुसऱ्याच दिवशी कागद पाहून समजलं होतं."

मी खाली आलो. अर्चनाला काही सांगितलं नाही. तोच पिक्चर माझ्या मोबाईलवर शोधला आणि तो तुकडा लावला. यंत्र वाजलं, थांबलं, वाजलं. मग ती शांतता. इथं कोणीही उत्तर दिलं नाही. तरी शेवटी तीन ठोके आलेच, आखूड, लांब, आखूड. यायचेच होते, भरून ठेवलेला आवाज आहे तो. पण माझ्या खोलीत कोणीही काही बोललेलं नसताना कोणीतरी 'मिळालं' म्हणालं, आणि मी मोबाईल उशीखाली घातला.

त्याच दिवशी पाच वाजता नोंद आली. 'या चित्रपटातील तारयंत्राचा आवाज रामटेकचे तारवाले कै. घाटोळे यांच्या हातचा आहे. ते नागपूरला बोलावत आहेत. नागपूर ऐकत आहे.'

संदर्भ नाही. कुठला असणार? मी बटनावर बोट ठेवलं. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा ते दाबवेना. सव्वाशे किरकोळ नोंदींच्या शेपटीला एक खरी गोष्ट लटकली होती, आणि ज्ञानकोशात नाही तर ती ठेवायची कुठं? राहू दे, म्हटलं. कोणाचं काय बिघडतं? मला वाटलं मी फार मोठ्या मनाचं काम केलं.

पाच दिवस गेले. काकाजी चहाला आले नाहीत. वरून टकटक नाही, अडीच तासांचे पिक्चर नाहीत, कुकर दोनदा ओरडला तरी कोणी काही सांगितलं नाही. अर्चनानं डबा वर नेला तर दार अर्धं उघडून घेतला, म्हणे. तिला घरात आता त्या टकटकीपेक्षा या शांततेची जास्त भीती वाटायला लागली होती. मलाही.

सहाव्या दिवशी मी रजा टाकून घरी होतो. दुपारी काकाजी उन्हात जिना उतरून आले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. आत आले, बसले नाहीत.

"कैचीवाला चूप आहे," ते म्हणाले. "पाच दिवस."

"बरं झालं ना काकाजी. नोंद राहिली."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "प्रमोद, तुले माहा राग आला का?"

"मला? कशाचा?"

"तू उडवली नाही."

अर्चना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या महिन्यापासून. बस नाक्यावर थांबते, वीस मिनिटांत तो उडवते. तुही सुटी असली की सकाळीच उडवते. वाडीची लाइट गेली की पुण्याचा कैचीवाला बी गायब. आन् उडवल्यावर पाच मिनिटांनी परत येते आन् एक स्वल्पविराम नीट करून जाते. दुसरं कोणी करते का असं? हात लपत नाही गा."

"मग इतके दिवस बोलला का नाही?"

"बोलूनच तर राहिलो होतो. मी टाकायचो, तू उडवायचा. रोज." ते खाली बघत होते. "घाटोळेचं सांगितलं, तुले वाटलं असन हा माणूस चांगला नाही. वाटलं तर वाटू दे. खोटं नाही ते. पण तू हात मांडीवर ठेवून बसू नको. मले ते समजते. मी तसा बसलो होतो न. तू उडव, शंभरदा उडव, शिव्या दे. पण चूप नको राहू."

मला वाटलं होतं मी त्यांच्यावर दया केली. मी पाच दिवस त्या माणसाला तेच करत होतो जे त्यानं घाटोळेला केलं होतं, आणि वर स्वतःला शाबासकी देत होतो. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. काकाजींनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला, दुपट्टा सारखा केला आणि जिना चढून वर गेले.

मी मोबाईल घेतला. नोंद उघडली. 'संदर्भ नाही. काढले.' बटन दाबलं.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

अर्चनानं विचारलं, "काय करून राहिले?"

"काकाजींसंग बोलून राहिलो."

"मग वर जाऊन बोला न."

"थांब जरा," मी म्हटलं. "त्यांचा जवाब येऊन राहिला आहे."